शिंगाला भाव, फाटकाला कुलूप

(दाभोसा, ता. जव्हार येथील अभ्यासवर्गात कापूस-ज्वारीच्या भागातून आलेल्या कार्यकर्त्यांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर. जिल्हा बैठकांत वाचून त्यावर चर्चा करावी.)



तुम्ही काळ्या जमिनीच्या, कोरडवाहू मुलखातून या डोंगरात आलात. काल संध्याकाळी लेंडी नदी तीनशे फुटांवरून खाली उडी घेते तेही पाहिलंत. इथल्या उतारावर नाचणी आणि वरई पिकते, तुमच्याकडे कापूस आणि ज्वारी. माती वेगळी, पिकं वेगळी. पण पीक हाताशी आलं की रात्र रात्र माळ्यावर बसून डबा वाजवायचा, हे मात्र दोघांच्याही नशिबी सारखंच आहे. तुमच्याकडे रोही, काळवीट आणि डुकरं. इथे डुकरं आणि वानरं.

काल रात्री जेवणानंतर चर्चा चालली होती. एका भावाने उठून प्रश्न विचारला. तो म्हणाला, "अमेरिकेत हरीण मारायला श्रीमंत माणूस येतो तेव्हा तो शेतकऱ्याला पैसे मोजतो. शिंगं जितकी मोठी तितका पैसा जास्त. आपल्याकडे हरणं फुकट चरून जातात आणि आपण बघत बसतो. आपण अशा शिकारीची मागणी का करत नाही?" टाळ्या पडल्या. मीही टाळी वाजवली. खोटं कशाला बोलू, काही वर्षांपूर्वी मीही याच मताचा होतो. जमीन माझी, पीक माझं, मग त्यावर पोसलेल्या जनावराचा दाम मला का नको? प्रश्न बिनतोड वाटतो.

पण मागणी करण्याआधी हिशेब मांडायची आपली सवय आहे. तेव्हा आज हा हिशेब मांडू. मांसासाठी किंवा पीक वाचवण्यासाठी जनावर मारणं वेगळं, आणि भिंतीवर टांगायच्या शिंगांसाठी मारणं वेगळं. या दुसऱ्या प्रकाराला ट्रॉफीची शिकार म्हणतात. ती जिथे जिथे आली, तिथे शेतात कोण पाऊल टाकू शकतो याचं काय झालं, एवढंच आज बघायचं आहे.

कातड्याची दोरी

सुरुवात इथूनच करतो. जव्हारवर मुकणे घराण्याचं राज्य होतं. १९४८ साली ते संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. या घराण्याच्या मूळ पुरुषाची, जयाबा मुकण्यांची, एक दंतकथा सांगतात. जयाबांनी इथल्या वारली सरदाराकडे जमीन मागितली. किती? तर एका बैलाच्या कातड्यात मावेल एवढी. सरदार हसला आणि हो म्हणाला. मग कातड्याच्या बारीक बारीक वाद्या कापल्या, त्या एकमेकींना जोडून लांबच लांब दोरी केली, आणि दोरीने वेढलेला सारा मुलूख घेतला.

कथा घडली की नाही हा प्रश्न सोडून द्या. अशीच गोष्ट जगात इतर ठिकाणीही सांगतात. पण तिच्यातलं मर्म आपल्या कामाचं आहे. मागताना जनावराचं कातडं पुढे केलं, मोजताना जमीन गेली. शिंगाचंही तसंच आहे. शिंग हातभर असतं. त्याची दोरी किती एकरांना वेढते ते आधी मोजा.

राजाची शिकार

जुन्या काळी शिंगाची किंमत फक्त राजाला आणि सरदाराला होती. फ्रान्समध्ये १७८९ सालापर्यंत शिकारीचा हक्क सरदारांचा होता. शेत कुणब्याचं, पण त्यात चरणारं हरीण आणि ससा सरदाराचा. सरदार घोड्यावरून उभ्या पिकात घुसला तरी कुणब्याने बाजूला व्हायचं. कुणब्याने ससा मारला तर मात्र गुन्हा. राज्यक्रांतीत ४ ऑगस्ट १७८९ च्या रात्री सरदारांचे विशेष हक्क रद्द झाले, त्यात शिकारीचा हक्क होता. आपल्या जमिनीवर येणारं जनावर मारायचा अधिकार जमीनमालकाला मिळाला. बघा, एवढ्या मोठ्या क्रांतीच्या पहिल्या काही दिवसांच्या कामात पिकं खाणाऱ्या जनावरांचा प्रश्न होता.

आपल्या देशात लांब जायला नको. राजस्थानात अलवर संस्थान होतं. तिथे राजाच्या शिकारीसाठी राखलेल्या रानांना रुंध म्हणत. त्यात डुकरं पोसलेली. ती रात्री शेतात शिरत आणि पीक उलथून टाकत. शेतकऱ्याला हात लावायची बंदी, कारण ती राजाची शिकार. १९२१ साली तिथले शेतकरी या डुकरांविरुद्ध उठले आणि डुकरं मारायची परवानगी त्यांनी मिळवली. त्याच अलवरमध्ये १९२५ साली नीमूचाणा गावात सारावाढीविरुद्ध जमलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला. डुकराचा प्रश्न आणि साऱ्याचा प्रश्न, दोन्ही एकाच शेतकऱ्याच्या दारात आले होते.

आपल्या कोल्हापूरचं दाजीपूरचं जंगल हेसुद्धा आधी छत्रपतींचं शिकारीचं रान होतं. १९५८ साली ते अभयारण्य झालं. गुजरातेत भावनगरच्या महाराजांचं वेळावदरचं गवताळ रान काळविटांच्या शिकारीसाठी राखलेलं होतं. तिथे पाळलेले चित्ते काळविटांवर सोडत. आज ते राष्ट्रीय उद्यान आहे. याच रानांमुळे काही जनावरं वाचली हे मान्य करायला हवं. पण राखीव म्हणजे कुणासाठी राखीव? हातात बंदूक असलेल्या एका माणसासाठी. बाकीच्यांनी गुरं, मोळी आणि वाट दुसरीकडे शोधायची.

कापूस-ज्वारीच्याच मुलखात

आता अमेरिकेकडे या. तुम्हाला वाटेल तिकडचं आपल्याला काय लागू? पण टेक्सास हे अमेरिकेत सगळ्यात जास्त कापूस पिकवणारं राज्य आहे आणि कॅन्सस हे सगळ्यात जास्त ज्वारी पिकवणारं. म्हणजे तुमचीच पिकं.

तिथला कायदा असा की रानातलं मूळचं हरीण, त्याला पांढऱ्या शेपटीचं हरीण म्हणतात, ते जनतेचं. सरकार जनतेच्या वतीने त्याचं विश्वस्त. शिकारीचा परवाना सरकार देतं. पण हरीण उभं असतं शेतकऱ्याच्या रानात. शेतात पाऊल टाकायचं तर शेतकऱ्याची परवानगी हवी. म्हणजे हरीण सगळ्यांचं, फाटक एकाचं.

पूर्वी यात काही बिघडत नव्हतं. गावातला माणूस शेतकऱ्याचं दार ठोठवायचा, विचारायचा, आत जायचा. कधी शेतकऱ्याला कुंपण दुरुस्त करून द्यायचा, कधी मांसाचा वाटा द्यायचा. एका रानात पाचसात जण फिरत. हरणं मारली जात, पीकही थोडं वाचे.

मग शिंगाला भाव आला. अमेरिकेत बून अँड क्रॉकेट नावाचा क्लब आहे, १८८७ साली थिओडोर रूझवेल्ट आणि मित्रांनी काढलेला. त्याच्या पद्धतीने शिंगांची लांबी, जाडी, फाटे इंच-इंच मोजून गुण देतात. जास्त गुणांचं शिंग ही प्रतिष्ठा झाली. श्रीमंत शिकारी हजार मैलांवरून येऊ लागला.

आता शिंग मोठं कसं होतं ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं कळेल. नराची शिंगं दरवर्षी गळतात आणि नवी येतात. पाचसहा वर्षांचा होईपर्यंत ती वाढत जातात. म्हणजे मोठं शिंग हवं असेल तर कोवळा नर मारायचा नाही. पण हरीण काही सातबारा वाचत नाही. तुमच्या रानात राखलेला दोन वर्षांचा नर शेजारच्या रानात गेला आणि तिथल्या पोराने तो मारला, की तुमची राखण वाया. म्हणून शिकारीचा धंदा करणारा माणूस एकच शेत भाड्याने घेत नाही. तो शेजारचं घेतो, त्याच्या शेजारचंही घेतो. आणि घेतलेल्या रानात गर्दी नको, कुत्री नकोत, आवाज नको, कारण म्हातारा नर फार सावध असतो. टेक्सासमध्ये तर जमीन बहुतेक सगळी खाजगीच. तिथे पुष्कळ मोठ्या मालकांनी आठ आठ फुटी कुंपणं उभारली, म्हणजे आपलं हरीण बाहेर जायला नको.

परिणाम काय झाला? दार ठोठावणाऱ्या गावच्या माणसाला उत्तर मिळू लागलं, "रान भाड्याने दिलंय." शेतकऱ्याला पैसे मिळाले हे खरं. काही कर्जबाजारी शेतकऱ्यांची जमीन त्यामुळे वाचली हेही खरं. पण शेजारच्या लहान शेतकऱ्याचं काय? राखलेल्या रानात माद्या फारशा मारल्या जात नाहीत, कारण मादीला शिंग नाही. माद्या वाढल्या की कळप वाढतो, आणि कळप रात्री चरायला शेजारी जातो. शिंगाचं भाडं एकाला, पिकाची नासाडी दुसऱ्याला.

शेवटी काय वेळ आली? कॅन्ससमध्ये १९९५ पासून सरकार स्वतः शेतकऱ्यांकडून रानं भाड्याने घेतं, ती कशासाठी, तर सामान्य माणसाला पायी आत जाऊन शिकार करता यावी म्हणून. मोंटाना राज्यातही १९८५ पासून अशी योजना आहे. जी वाट पूर्वी रामराम घालून मिळत होती, ती आता सरकारी तिजोरीतून विकत घ्यावी लागते.

आणि यात आपल्यासाठी एक गंमत आहे. १९३० च्या आसपास टेक्सासच्या काही मोठ्या मालकांनी आपल्याकडची जनावरं नेऊन तिथे सोडली. चितळ, काळवीट आणि रोही. ती तिथे चांगलीच वाढली. बाहेरून आणलेली म्हणून तिथल्या कायद्यात ती जनतेची नाहीत, ज्याच्या कुंपणात त्याची. म्हणजे आपलं काळवीट टेक्सासमध्ये मालकाला भाडं मिळवून देतं आणि इथे करमाळ्यात ज्वारीचे कोंब खातं. तेच जनावर, तेच तोंड. फरक फक्त कायद्याचा आणि जमिनीच्या आकाराचा.

आपला हिशेब

कालच्या भावाने कायद्याचा फरक बरोबर ओळखला. आकाराचा फरक मात्र त्याच्या नजरेतून सुटला. तो आता मोजू.

महाराष्ट्रात १९६१ च्या कमाल जमीन धारणा कायद्याने कोरडवाहू जमिनीची मर्यादा ५४ एकर आहे. तुमच्यापैकी किती जणांकडे ५४ एकर आहे? हात वर करा. एकही हात नाही. पाच एकर, सात एकर, तीही भावाभावांत वाटलेली. काळविटांचा कळप एका रात्रीत अशी कितीतरी शेतं ओलांडतो. तो संध्याकाळी तुमच्या बांधावर, मध्यरात्री चुलत्याच्या तुरीत आणि पहाटे गावच्या गायरानावर.

आता समजा, उद्या कायदा झाला की शेतकऱ्याने आपल्या रानात शिंगाची शिकार विकावी. शिकारी तुमच्या पाच एकरांसाठी तुमच्याकडे येईल काय? तो येईल ठेकेदाराकडे. ठेकेदार गावात येईल, वीसपंचवीस जणांकडून कागदावर सह्या घेईल. ज्याला सावकाराचा तगादा आहे तो आधी सही करील. जो सही करणार नाही त्याच्या चारी बाजूंनी भाड्याचं रान होईल. नर तुमच्या रानात वाढला, पडला मात्र दुसऱ्याच्या रानात, तर पैसा कुणाचा? ज्याच्या रानात तो पडला त्याचा, किंवा ठेकेदार सांगेल त्याचा. कापसाच्या बाजारात काटा, कटती आणि ग्रेड यांत आपण कसे नागवले जातो ते तुम्हाला माहीत आहे. शिंगाचे इंच मोजणारा आपला माणूस असेल असं कुणाला वाटतं?

फाटकातून कोण जातं?

हा झाला पैशाचा हिशेब. दुसरा हिशेब कुणाच्याच वहीत नसतो. आपल्या शेतांना फाटक नसतं. ज्वारी निघाली की रान मोकळं होतं. त्या मोकळ्या रानात कोण कोण येतं ते आठवा.

धनगर मेंढ्या घेऊन येतो. तुम्ही त्याला दोन रात्री मेंढ्या बसवायला सांगता. त्याला चारा मिळतो, तुमच्या रानाला खत. भूमिहीन घरातल्या बाया पडलेली कणसं आणि शेंगा वेचायला येतात, त्याला आपण सरवा म्हणतो. कुणी पऱ्हाटी सरपणाला नेतं. कुणी बांधावरची तांदुळजा, कुर्डू खुडतं. वरच्या अंगाचा शेतकरी आपली बैलगाडी तुमच्या धुऱ्यावरून काढतो. शाळेची पोरं जवळची वाट म्हणून तुमच्या रानातून जातात. यातलं एकही भाड्याने दिलेलं नाही. सातबाऱ्यावर जमीन एकाची असते, पण तिच्यावर अशी कितीतरी माणसं चालतात.

शिंगासाठी राखलेल्या रानात यातलं काय उरेल? मेंढ्या नकोत, त्या चारा खातात. धनगराचं कुत्रं नको, ते हरीण उठवतं. पऱ्हाटी उपटू नका, त्यात जनावर दबून बसतं. बायांनी सरवा वेचू नये, कारण बंदुकीची गोळी कुठे जाईल सांगता येत नाही. म्हणजे तुम्ही विकली शिकार, पण गेली वाट, गेली मेंढी, गेला सरवा. ज्यांचं गेलं त्यांना भाड्यातला एक पैसाही नाही. ज्या आंदोलनात मेंढपाळ आणि मजूर बाई आपल्या खांद्याला खांदा लावून रस्त्यावर बसली, त्यांना आपणच कुंपणाबाहेर काढणार काय?

आजची अवस्था

मग आज जे आहे ते बरं म्हणायचं काय? मुळीच नाही. आजची अवस्था तर तिसऱ्याच प्रकारचा अन्याय आहे.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात १९५१ चा वन्यप्राणी कायदा होता. परवाना काढून शिकार करता येत असे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची सोय ठेवली होती. १९७२ साली केंद्राचा वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्यातही सुरुवातीला शिकारीचे परवाने होते. १९९१ च्या दुरुस्तीने ते संपले. शौकाची शिकार बंद झाली. तिच्या जाण्याचं मला दुःख नाही. ती साहेबांची आणि संस्थानिकांची करमणूक होती.

पण सोबत काय झालं? काळवीट पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणात. ते तुमच्या विहिरीत पडून मेलं तरी त्याचं कातडं आणि शिंग सरकारची मालमत्ता. जिवंत असताना मात्र त्याचं पोट भरायची जबाबदारी तुमची. मेलेलं सरकारचं आणि खाणारं शेतकऱ्याचं, असा हा कायदा. रोही आणि डुक्कर यांच्यासाठी परवानगीची तरतूद आहे, पण ती कागदावर. बिहारमध्ये २०१६ साली मोकामा भागात सरकारने बाहेरून नेमबाज बोलावून दोनशेहून अधिक रोही मारले, तेव्हा दिल्लीत केंद्राच्या दोन मंत्र्यांतच जुंपली. ज्यांची मसूर आणि हरभरा खाल्ला गेला त्या शेतकऱ्याला दोघांनीही विचारलं नाही. नुकसानभरपाईचं म्हणाल तर अर्ज करा, पंचनाम्याची वाट बघा, आणि मिळेल त्यालाही कमाल मर्यादा.

आणि जमिनीत पाऊल टाकण्याचा प्रश्न इथेही आहेच. सोलापूरकर इथे बसले आहेत, त्यांना विचारा. १९७९ साली सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांत माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य जाहीर झालं. किती मोठं? जवळजवळ ८,५०० चौरस किलोमीटर. त्यात गावं, शहराचा भाग, ज्वारीची रानं, सगळं आलं. नकाशावर रेघ ओढली आणि लोकांच्या सातबाऱ्याची जमीन अभयारण्यात गेली. खरेदी-विक्री अडली, बांधकाम अडलं. सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन २०१२ च्या सुमारास ते क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आलं. तीस वर्षांनी सरकारने मान्य केलं की सातांपैकी सहा भाग उगाच अडकवले होते. माळढोक आता तिथे क्वचितच दिसतो. काळवीट मात्र कळपाने फिरतं.

म्हणजे तीन प्रकार झाले. राजाने शिकारीसाठी रान बंद केलं. टेक्सासच्या मालकाने भाड्यासाठी बंद केलं. आपल्या सरकारने संरक्षणासाठी बंद केलं. हेतू तीन, पण कुलूप एकच. जनावराची किंमत वाढली की रानाचं फाटक बंद होतं, आणि किल्ली कधीच लहान शेतकऱ्याच्या कंबरेला नसते.

लहान शेतकऱ्यांचा एक मार्ग

लहान शेतकऱ्याच्या हाती किल्ली राहिली असा एकही मुलूख नाही काय? अगदी तंतोतंत नाही, पण जर्मनीकडे बघण्यासारखं आहे. तिथेही सरदार शेतकऱ्याच्या रानात शिकार करत. १८४८ च्या उठावानंतर शिकारीचा हक्क जमिनीला जोडला गेला. पण तिथल्या लोकांच्या लक्षात आलं की दहा एकरवाल्याने वेगळी शिकार करणं निरर्थक आहे. म्हणून आजही नियम असा की ज्याच्याकडे सलग ७५ हेक्टर, म्हणजे सुमारे १८५ एकर, जमीन आहे त्याचंच वेगळं शिकारक्षेत्र. बाकी सगळ्या लहान जमिनी मिळून गावाचं एक सामाईक क्षेत्र होतं आणि जमीनमालकांचा एक संघ बनतो. शिकारीचा ठेका द्यायचा की नाही, कुणाला द्यायचा, हे संघ ठरवतो. ठरावाला माणसांचं बहुमत लागतं आणि क्षेत्राचंही लागतं. म्हणजे एकटा मोठा मालक गाव दाबू शकत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं पुढे आहे. हरणाने, डुकराने पीक खाल्लं तर भरपाई त्या संघाने द्यायची, आणि करारात ती बहुतेक वेळा ठेकेदार शिकाऱ्याच्या गळ्यात टाकलेली असते. ज्याला शिंग हवं त्याने ज्वारीचे पैसे मोजायचे. त्यामुळे शिकाऱ्यालाही फक्त शिंग राखून चालत नाही, माद्याही कमी कराव्या लागतात, नाहीतर भरपाई अंगावर येते.

या पद्धतीतही दोष आहेत. संघात राहणं सक्तीचं असतं. ज्याला आपल्या रानात शिकार नकोच आहे अशा एका जर्मन मालकाने युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात दाद मागितली आणि २०१२ साली निकाल त्याच्या बाजूने लागला. शिवाय भूमिहीनाला त्या संघात मत नाही. म्हणून आहे तसं उचलून आणा असं मी म्हणत नाही. पण लहान शेतकऱ्यांची रानं एकत्र आल्याशिवाय त्यांना किंमत नाही आणि भरपाईचं ओझं शिंग घेणाऱ्यावर, या दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत.

मग मागणी काय?

काल ज्याने प्रश्न विचारला त्या भावाला माझं उत्तर असं आहे. तुमचा राग खरा आहे. तुमची मागणी मात्र उलट्या टोकाने सुरू झाली. शिंग विकण्याचा हक्क मागण्याआधी पीक राखण्याचा हक्क मागा. माझ्या मते आपली भूमिका चार कलमांत मांडता येईल.

एक. पीकसंरक्षण आणि शौकाची शिकार यांची गल्लत होऊ देऊ नका. उभ्या पिकात शिरणाऱ्या डुकराला, रोह्याला आवरण्याची परवानगी गावाच्या पातळीवर आणि वेळेत मिळाली पाहिजे. ती मागताना कुणी "शेतकऱ्यांना शिकार खेळायची आहे" म्हणाला तर त्याला शेतात एक रात्र जागलीला बोलवा.

दोन. ज्याचं जनावर, त्याची भरपाई. कायदा मेलेल्या जनावरावर सरकारचा हक्क सांगतो, तर जिवंत जनावराच्या चाऱ्याचं बिलही सरकारचं. बाजारभावाने, पूर्ण, आणि ठरलेल्या मुदतीत. ही दया नाही, हे देणं आहे.

तीन. उद्या कुणी सरकार किंवा कंपनी पैसे देऊन शिकारीची योजना घेऊन आली, तर एकेकट्याने सही करायची नाही. निर्णय ग्रामसभेचा, ज्यात भूमिहीनही बसतो. आणि गावाने होकार दिला तरी वहिवाट, पाणवठा, मेंढ्यांची बसवण आणि सरवा या गोष्टी कुठल्याही करारात विकल्या जाणार नाहीत. या जव्हार-मोखाड्यात पेसा कायदा १९९६ पासून ग्रामसभेला मान देतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने वनावरचे सामूहिक हक्क मान्य केले, पण शिकारीचा हक्क त्यातून स्पष्ट वगळला. तरीही आपल्या रानाबद्दल गाव एकत्र बसून ठरवू शकतं, हा धडा आपल्या यजमानांकडून घेऊन जा.

चार. नकाशावर रेघ ओढण्याआधी त्या रेघेत येणाऱ्या गावाला विचारा. सोलापूरची तीस वर्षं पुन्हा नकोत.

आता जिल्हा बैठकीसाठी काम. भाषणाने पीक वाचत नाही. प्रत्येक गावच्या कार्यकर्त्याने दोन वह्या कराव्यात. पहिल्या वहीत नुकसान. तारीख, गट नंबर, पीक, किती ओळी खाल्ल्या, कुठलं जनावर, पंचनामा झाला की नाही. दुसऱ्या वहीत वाटा. कुणाच्या धुऱ्यावरून कोण जातं, कुठे मेंढ्या बसतात, कुठला पाणवठा कुणाच्या रानात आहे. बांधावरून वाट मागण्याचा हक्क महसूल संहितेच्या कलम १४३ मध्ये आहे आणि अडवलेली वाट मोकळी करून घ्यायला १९०६ चा मामलेदार कोर्ट कायदा आहे. पण वाट लिहिलेलीच नसेल तर ती होती हे सिद्ध कोण करणार? वारली सरदाराने कातडं पाहिलं, दोरी मोजली नाही. आपण आधी मोजून ठेवू.

काल टाळ्या वाजवल्या त्या सगळ्यांना, आणि त्यात मीही आलो, एवढंच विचारतो. आपण शेतीमालाचा बाजार खुला करा म्हणतो, कारण बंद बाजारात किल्ली दुसऱ्याच्या हातात असते. मग आपल्याच रानाची किल्ली शिंगांच्या बदल्यात कुणाच्या हातात देण्याआधी दहा वेळा विचार नको का करायला?

एवढं बोलून मी थांबतो. ज्यांना हे पटलं नाही त्यांनी जिल्हा बैठकीत उठून बोलावं. हिशेब चुकला असेल तर मी दुरुस्त करून घेईन.